मोठी ग्रंथी, मोजक्या सुया

परवा पलटणीतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. ‘सर, सोनोग्राफीत प्रोस्टेट ऐंशी ग्रॅम निघाली. म्हणजे कॅन्सरच ना?’ मी म्हटलं, आधी इतिहास ऐक.

कॅन्सर किती आक्रमक आहे, हे पेशींच्या रचनेवरून ठरवणारी ग्लीसन पद्धत 1966 मध्ये मांडली गेली. डोनाल्ड ग्लीसन हे अमेरिकेत मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले डॉक्टर. म्हणजे या कहाणीत आपली बिरादरी पहिल्यापासून आहे!

पुढे पीएसए ही रक्ततपासणी आली. 1989 मध्ये स्टॅनफर्डच्या हॉज, मॅकनील आणि स्टेमी यांनी सोनोग्राफीच्या मदतीने ठरावीक सहा जागांहून तुकडे घेण्याची पद्धत मांडली. पण ग्रंथी वीस ग्रॅमची असो की ऐंशीची, सुया सहाच. सहा जवानांनी एक वाडी पिंजून काढणं वेगळं आणि अख्खा तालुका वेगळा.

1990 च्या दशकात दिसून आलं की मोठ्या ग्रंथीत बायोप्सीला कॅन्सर कमी सापडतो. कारणं दोन. एक, सुईचा नेम चुकतो. दुसरं, वयोमानाने वाढलेली साधी ग्रंथीही पीएसए वाढवते, त्यामुळे कॅन्सर नसलेले अनेकजण बायोप्सीपर्यंत पोचतात. म्हणून 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या बेन्सन यांनी पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागायला सुचवलं. पीएसए 6 असेल, तर तीसच्या ग्रंथीत उत्तर 0.20 येतं, ऐंशीच्या ग्रंथीत 0.075. आकडा तोच, पण छोट्या ग्रंथीत संशय जास्त. शस्त्रक्रियेने काढलेल्या पूर्ण ग्रंथी तपासल्या, तेव्हाही छोट्या ग्रंथींमध्ये आक्रमक कॅन्सरचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे हा नुसता सुईच्या नशिबाचा खेळ नव्हता.

खरा गोंधळ 2003 मध्ये उडाला. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक पुरुषांवर फिनास्टेराइड या गोळीची चाचणी झाली. कॅन्सर सुमारे पाव हिश्शाने घटला, पण आक्रमक कॅन्सर गोळी घेणाऱ्यांत 6.4 टक्के, न घेणाऱ्यांत 5.1 टक्के. औषधच घात करतंय, अशी भीती पसरली. 2011 मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणेने औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशाराही घातला. दरम्यान अभ्यासकांनी हिशेब पुन्हा मांडला होता. गोळीने ग्रंथी आकसते, त्यामुळे त्याच सुयांना लपलेला आक्रमक कॅन्सर अधिक सापडतो. फरकाचा बराच भाग यातून उलगडला. 2013 मध्ये दीर्घ पाठपुराव्याचे निष्कर्ष आले. दोन्ही गटांचं आयुर्मान जवळपास सारखंच होतं.

आता सुया साधारण बारा असतात आणि अनेक ठिकाणी आधी एमआरआय करतात. तरी धडा तोच. ग्रंथी मोठी म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि छोटी म्हणजे निर्धास्त नव्हे. मोठ्या ग्रंथीत बायोप्सी स्वच्छ आली तरी पीएसए चढत राहिला, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. पीएसए आणि आकारमान हे दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून न्या.

माझा सहकारी तसा कागद घेऊन सोमवारी डॉक्टरांकडे चालला आहे. तुम्हीही अंगावर काढू नका. जय हिंद.