सरळ केलेले खिळे

आमच्या तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात सदा एखादा खिळा असायचा. वाटेत सापडलेला, वाकलेला, गंजका. संध्याकाळी परड्यातल्या दगडावर ठेवून ते हातोडीनं टुकटुक करत तो सरळ करायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. आजी चुलीपुढून ओरडायची, "अवो, भंगाराचा संसार मांडलाय का नुसता?" तात्या मान वर न करता म्हणायचे, "भंगार म्हणू नगंस. कशाला उपयोगी पडतंय, अजून बघितलंय का कुणी?"

तात्या म्हणजे माझे आजोबा. वाडीचे. आमच्या भागात नुसतं 'वाडी' म्हटलं की किर्लोस्करवाडी, पुढं काही जोडावं लागत नाही. मिसरूड फुटायच्या आधीच ते तिथल्या कारखान्यात मोल्डिंगला लागले. साल त्यांना धड सांगता यायचं नाही. "पंपाचं काम नुकतं सुरू झालं हुतं," एवढी एक खूण. म्हणजे १९२६ च्या आगेमागे धरू. कारखान्याचे मालक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या ज्या गोष्टी ते आम्हाला सांगत, त्यातल्या निम्म्याशिम्म्या त्यांनीही जुन्या कामगारांकडून ऐकलेल्या. दोन तोंडांतून माझ्याकडे आल्या आणि आता तिसऱ्यातून तुमच्याकडे. पुढं पुस्तकं वाचली तेव्हा बऱ्याच जुळल्या. काही माझ्याच डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या असतील, तेवढं सांभाळून घ्या.

तात्यांची गोष्ट नेहमी डोळ्यांपासून सुरू व्हायची. लक्ष्मणराव बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे. (आजीचा कितीतरी वर्षं समज होता, की नांगर करणाऱ्यानंच फावल्या वेळात 'सौभद्र' लिहिलं. तात्यांनी तो मोडायचा प्रयत्न केल्याचं मला आठवत नाही.) पोराला चित्रं काढायचा नाद. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये स्वारी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाली. तिथं कळलं, की काही रंग ह्या डोळ्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला रंग दिसू नयेत, म्हणजे गवयाचा गळा बसल्यातलीच गत. दुसरा कुणी असता तर ट्रंक उचलून गावी परतला असता. हे यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि पुढं मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. "रंग गेलं, पर रेघ ऱ्हायली की," असं म्हणून तात्या हवेत बोटानं एक सरळ रेघ ओढायचे.

मग बेळगावचं सायकलचं दुकान. १८८८ ची गोष्ट. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत, रामूअण्णा बेळगावात विकत, आणि ज्याला चालवता येत नसे त्याला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. त्या काळचे पंधरा रुपये! आमचा धाकटा काका हे ऐकलं की दर वेळी म्हणायचा, "मला तर तुम्ही फुकट शिकवली, म्हणून मी सारखा पडलो." सायकलीनंतर कडबा कापायचं यंत्र आलं आणि त्याच्या मागोमाग लोखंडी नांगर.

इथं आमचे पणजोबा गोष्टीत शिरतात. कृष्णेकाठच्या काळ्या रानाचे धनी. लोखंडानं जमीन नासते, तिला वीख चढतं, ह्यावर त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांच्या एकट्याची नव्हती. किर्लोस्करांचा पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली म्हणतात. लाकडी नांगर वरवर खरवडायचा, हरळीच्या मुळ्या खाली तशाच आणि पाऊस पडला की रान पुन्हा हिरवंगार, पण हरळीनं. शेवटी शेजारच्या शिवारात कुणीतरी लोखंडी नांगर धरला. पणजोबा बांधावर उभे राहून दिवसभर बघत होते. पालथ्या पडलेल्या ढेकळातून हरळीच्या मुळ्या दोरीसारख्या लोंबत वर आल्या, तेव्हा ते घरी आले आणि कुणाशी न बोलता जेवले. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या रानात नांगर आला. हे अर्थात घरात चालत आलेलं. मी त्या बांधावर नव्हते.

त्या जड नांगराला एका घरचे बैल पुरायचे नाहीत. मग इर्जिक घालायची. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. ज्याचं रान त्याच्याकडं जेवण. शाळूच्या भाकऱ्यांची चवड, कोंबड्याचं कोरड्यास, न खाणाऱ्यांना हरभऱ्याची घट्ट आमटी आणि खर्डा. "नांगरानं रानच न्हवं, गावबी एका जुवाला जुपलं," असं तात्या म्हणत. इर्जिक नांगराच्याही आधीची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गोष्ट सांगताना मालकाच्या पदरात थोडं जास्त पुण्य टाकायला त्यांचा हात आखडायचा नाही.

बेळगावात धंद्याचं बस्तान बसतंय तोवर नगरपालिकेला नवी वसाहत उठवायला नेमकी तीच जागा हवी झाली. कारखाना घेऊन जायचं कुठं? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जागा दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी. जागा कसली, माळ! निवडुंग, दगड आणि नाग. १९१० साली त्या माळावर माणसं उतरली. तात्यांच्या वेळी तिथं झाडं, चाळी, नळ सगळं होतं. तरी जुनी माणसं नव्या पोरांना पहिली गोष्ट सापाचीच सांगत, आणि दर पावसाळ्यात साप हातभर लांब होत असे.

गावाचं नावच घ्या. त्याला कुणी नगर म्हटलं नाही, पूर म्हटलं नाही. वाडी म्हटलं. वाडी म्हणजे चार घरं, एक पार आणि सगळ्यांना सगळ्यांची भांडणं ठाऊक. कंपनीत पगार मिळतो, वाडीत चुलत-मावस नाती लागतात. रामूअण्णांनी वस्ती आखायचं आणि चालवायचं काम अंगावर घेतलं. शंभूराव जांभेकर यंत्रं बघत, मंगेशराव रेगे हिशेब. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट टाकून आलेले, तेही कामाला आले. आणि राखणीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघंही तुरुंग भोगून आलेले. ज्यांच्या भीतीनं लोक दाराला कड्या घालायचे, त्यांच्याच भरवशावर माळावरची वस्ती झोपायची. "कुलूप फुटतंय," तात्या म्हणत, "पर इस्वास टाकलेला गडी फुटत न्हाई." हे वाक्य त्यांचं स्वतःचं की ऐकलेलं, विचारायचं राहून गेलं.

ह्याच औंध संस्थानात पुढं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैद्यांची वसाहत सुरू झाली, आणि तिच्यावरूनच व्ही. शांतारामांना 'दो आँखें बारह हाथ' सुचला. सिनेमा आला तेव्हा तात्या सांगलीला जाऊन बघून आले. घरी येऊन एवढंच बोलले, "आमच्या वाडीत हे आधीच झालं हुतं."

आता तोफांची गोष्ट. ही सांगताना तात्या उठून उभेच राहायचे. पहिलं महायुद्ध पेटलं आणि परदेशी लोखंड, कोळसा यायचा थांबला. नांगराला मागणी, पण ओतायला धातू नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या. कधीकाळी गडावर धडधडलेल्या त्या तोफा भट्टीत गेल्या आणि नांगर होऊन बाहेर पडल्या. कोळशाच्या जागी लाकूडफाटा जाळला. मी लहानपणी विचारलं होतं, "मग आपल्या नांगरात तोफ आहे?" तात्यांनी जराही न अडखळता "हाय की" म्हणून सांगितलं. आमचा नांगर त्याच्या कितीतरी नंतरचा असणार, हे मला मोठेपणी कळलं. पण तोवर मी वर्गातल्या निम्म्या पोरींना तो तोफेचा म्हणून दाखवून मोकळी झाले होते.

ह्या गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या, की तात्यांचे खिळे मला नीट दिसतात. रंग न दिसणारे डोळे, निवडुंगाचा माळ, अर्ध्यात शिक्षण सोडलेला तरुण, तुरुंगातून सुटलेले दोन गडी, गंजलेल्या तोफा. जगानं कडेला सरकवलेलं जे जे, ते ह्या माणसानं उचललं, भट्टीत घातलं आणि त्याला फाळ काढला. मोठा कारखाना उभारणारे आपल्याकडे बरेच झाले. पण 'भंगार' हा शब्दच न मानणारा मालक विरळा.

आजी लग्न होऊन वाडीत आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली होती. काकांच्या नशिबी रंग नव्हते, पुतण्या मात्र चित्रंही काढायचा. खबरचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. शेजारच्या मास्तरणीबाई दुपारी ओसरीवर 'स्त्री' मोठ्यानं वाचत आणि आजी शेंगा फोडत ऐकत बसे. एकदा बाई माहेरी गेल्या आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली. "आता पुढचं कोण सांगंल?" ह्या तळमळीपोटी आजी अक्षर ओळखायला शिकली. ती गोष्ट कशी संपली हे तिला पुढं आठवत नसे, पण वाचता यायला लागलं ते लागलंच. शेवटपर्यंत ती किराणाच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय चुलीत घालत नसे.

वाडीचं घड्याळ म्हणजे भोंगा. तात्यांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी न्याहारी भोंग्याच्याच वेळेला लागायची. दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा गोळा, आणि थंडीत हुलग्याचं माडगं. भोंगा आमच्या गावात ऐकू येत नसे; तात्यांना यायचा.

१९४८ सालाबद्दल ते फार थोडं बोलत. गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ उसळली, तिच्यात वाडीचा कारखानाही सापडला. कोण, कुठून आले, ह्यावर त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. "आपलीच माणसं हुती, दुसरी कोण?" एवढंच एकदा म्हणाले. सांगायचे ते नंतरचं. राखेत बसून त्यांनी काळे पडलेले बोल्ट, चाकं, खिळे वेचले. जे सरळ होईल ते एका बाजूला, जे वितळवावं लागेल ते दुसऱ्या बाजूला. तिसरा ढीग नव्हता. खिळे गोळा करायची खोड त्यांना तिथूनच लागली असावी, असा माझा तर्क आहे. आजीच्या मते ते जन्मापासूनच तसे होते.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. तोवर थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एम.आय.टी.तून शिकून येऊन कारभारात मुरले होते, पुणे-बंगळूरला नवे कारखाने उभे राहिले होते. त्या दिवशी तात्या घरी येऊन जेवले नाहीत. सुतकात जसं चुलीवरचं उतरवून ठेवतात, तसं आजीनं शिजलेलं झाकून ठेवलं. रक्ताचं नातं नव्हतं, जात वेगळी, भेट झाली असेल तर चार-दोनदा, तीही हातातल्या कामापुरती. तरी घरात चूल थंड राहिली. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला सरकारनं लक्ष्मणरावांच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं. तात्यांनी एक घेतलं, पण कुठल्या पत्राला लावलं नाही.

तात्यांच्या माघारी घराच्या वाटण्या झाल्या. काकाला नांगर गेला. तो त्यानं अंगणात चुना लावून मांडलाय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तोफेचा म्हणून सांगतो. मी काही बोलत नाही.

मला बिस्किटांचा डबा आला. मागं घराला नवा रंग दिल्यावर भिंतीत काहीतरी ठोकायचं होतं, तेव्हा उघडला. तळाशी ते तिकीट होतं, आणि वर एकशे चौदा खिळे. मोजले मी. सगळे जुने, सगळे सरळ.