जागत्या शहराचा मुदपाकखाना

अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात कापडाच्या गिरण्या, दागिन्यांचे कारखाने आणि वृत्तपत्रांचे छापखाने वाढीस लागले व त्यांतील पुष्कळसे काम रात्रीवर लोटले गेले, तेव्हा प्रतिष्ठित नागरिकांच्या सहसा ध्यानी न येणारी एक अडचण उत्पन्न झाली. रात्री आठच्या सुमारास शहरातील खाद्यगृहे बंद होत, आणि ज्यांचा दिवस त्यानंतर सुरू होई अशा जुळाऱ्यांना, यंत्रचालकांना, गस्तीच्या शिपायांना व गाडीवानांना पहाटेपर्यंत पोटास आधार मिळण्याची सोय उरत नसे. वॉल्टर स्कॉट हा स्वतः छापखान्यात राबलेला मनुष्य. पोरवयापासून तो फावल्या वेळी टोपलीत सँडविच व कॉफी घेऊन वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून विकीत असे. १८७२ साली त्याने छापखान्याची चाकरी सोडली, एका घोड्याची मालवाहू गाडी छप्पर घालून सजवली आणि ती 'प्रॉव्हिडन्स जर्नल'च्या कचेरीजवळ रोज रात्री उभी करण्यास प्रारंभ केला. गाडीला दोन खिडक्या होत्या, एक पायी येणाऱ्यांसाठी पदपथाच्या अंगास आणि दुसरी गाडीतून खाली न उतरणाऱ्यांसाठी रस्त्याच्या अंगास. आत स्कॉट बसलेला आणि बाहेर गिऱ्हाईक उभे, हाती पाच सेंटांचे सँडविच किंवा पायचा तुकडा. आज डायनर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा उगम या गाडीपाशी मानण्याचा प्रघात आहे, आणि तो मला सर्वथा रास्त वाटतो; कारण पक्क्या इमारतीतील भोजनगृह गिऱ्हाइकाने आपल्या वेळेस यावे अशी अपेक्षा करते, तर या धंद्याने प्रथमच श्रमिकाच्या भुकेची वेळ ओळखून त्याच्या कामाच्या दाराशी जाऊन उभे राहण्याचे व्रत घेतले.

तथापि न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात बर्फात उभे राहून खाणे ही लहान शिक्षा नव्हे. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहरी सॅम्युएल जोन्स याने १८८७ साली अशी गाडी रस्त्यावर आणली की जिच्या आत गिऱ्हाइकाला शिरता येई आणि निवाऱ्याला उभे राहून खाता येई. त्याच शहरातील चार्ल्स पामर याने १८९१ मध्ये या गाडीच्या रचनेचे पेटंट मिळवले, आणि टॉमस बक्ले याने तर कोरीव काचांच्या खिडक्या, रंगवलेल्या भिंती व चकचकीत भांडी यांनी नटलेल्या गाड्यांचा कारखानाच काढला. मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते याच सुमारास या धंद्याच्या मदतीस आले. दारूच्या गुत्त्यांत पेल्याबरोबर फुकट खाणे देण्याचा रिवाज होता, आणि रात्री उशिरा ऊन अन्न मिळण्याचे ठिकाण बहुधा तेवढेच असल्यामुळे भुकेलेला मनुष्य आपोआप दारूकडे ओढला जाई. हे ओळखून न्यूयॉर्कमध्ये चर्च टेंपरन्स सोसायटीने १८९३ पासून अशा गाड्या स्वतःच चालवल्या. भुकेल्याला उपदेश करण्याआधी कॉफीचा पेला द्यावा, हे शहाणपण त्या काळच्या सुधारकांपैकी फार थोड्यांना सुचले होते, म्हणून त्याची नोंद मी आदराने करतो.

मात्र गाडीचे घर कसे झाले, हे समजण्यासाठी कारागिरांकडे न पाहता नगरपालिकेच्या दप्तराकडे पाहिले पाहिजे. गाड्या वाढल्या, त्यांच्यापायी रहदारी अडू लागली. शिवाय १८९० नंतरच्या दशकात विजेच्या ट्राम आल्या, तेव्हा निकामी झालेल्या घोडाट्रामचे डबे पडत्या भावात विकत घेऊन कोणीही त्यांत चूल मांडू लागला, आणि त्या कळकट डब्यांमुळे साऱ्या धंद्याची अब्रू गेली. परवाने काढून, वेळा बांधून आणि सकाळी दहाच्या आत रस्ता मोकळा करण्याचे सक्त हुकूम सोडून शहरांनी या गाड्यांचा बंदोबस्त आरंभला. येथे मालकांपुढे पेच पडला. कारण एव्हाना दिवसाही गिऱ्हाईक मिळू लागले होते, आणि ऐन न्याहारीच्या वेळी घोडा जुंपून निघून जाणे म्हणजे भरल्या ताटावरून उठणे होते. यावर त्यांनी काढलेली तोड अशी की, सार्वजनिक रस्ता सोडून लगतच्या खासगी जागेचा एखादा अरुंद तुकडा भाड्याने घ्यावा, गाडी तेथे नेऊन ठेवावी, आणि पाणी व गॅस यांच्या नळ्या जोडून घ्याव्या. रस्त्यावर राहू नये म्हणून केलेल्या कायद्यानेच फिरत्या गाडीला कायमचे ठाणे दिले, आणि तिला जो लांबट, निमुळता आकार एकदा मिळाला तो घोडा सुटल्यावरही सुटला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा धंदा कारखानदारांच्या हाती गेला. वूस्टर लंच कार कंपनीने १९०६ पासून १९५७ पर्यंत ६५१ डायनर बांधले, आणि त्यांच्या मीना केलेल्या पोलादी अंगावर जुन्या वळणाच्या ठसठशीत अक्षरांत नाव घालण्याची तिची पद्धत आजही जाणकारांना लांबून ओळखू येते. न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल येथे पॅट्रिक टियर्नी आणि न्यू जर्सीत जेरी ओमाहोनी यांनी या उद्योगास मोठे स्वरूप दिले. कारखान्यातून निघणारा डायनर म्हणजे नुसते छप्पर नसून भट्टी, तवा, शीतपेटी, काउंटर, स्टुले, किंबहुना पेल्याबश्यांसह सिद्ध झालेला धंदा असे. तो रेल्वेच्या सपाट वाघिणीवर किंवा मालमोटारीवर चढवून गावोगाव रवाना होई, आणि घेणाऱ्याने काही रक्कम आगाऊ भरून बाकीचे हप्ते रोजच्या गल्ल्यातून फेडावे अशी कबुलायत असे. या सोयीमुळे हाती थोडे भांडवल असलेला, पण अंगमेहनतीला न भिणारा माणूस मालक होऊ शकला. पूल, बोगदे आणि रस्ते यांनी रुंदीवर मर्यादा घातलेली, म्हणून आतील मांडणीही तशीच काटेकोर झाली. एका अंगास लांब काउंटर, त्यापलीकडे आचारी, आणि गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर तापलेल्या तव्यावर पडणारी अंडी, बटाटे व पॅनकेक! ज्या काळी भोजनगृहांच्या पडद्याआडच्या स्वयंपाकाविषयी लोकांच्या मनात रास्त शंका होती, त्या काळी हा उघडा मुदपाकखाना म्हणजे स्वच्छतेची जाहीर हमी होती.

डायनर हे नाव रेल्वेच्या भोजनडब्यावरून साधारणपणे १९२० नंतरच्या दशकात रूढ झाले, आणि त्याच दशकात मालकांचे लक्ष स्त्रियांकडे गेले. स्टुलांवर ओळीने बसलेल्या पुरुषांच्या गर्दीत शिरणे कुलीन स्त्रीला संकोचाचे वाटे. तिच्यासाठी समोरासमोर बाकांचे कप्पे आले, खिडकीखाली फुलांच्या कुंड्या आल्या, आणि स्त्रियांचे स्वागत असल्याच्या पाट्या दारावर लागल्या. पुढे १९३० नंतर विमाने आणि वेगवान आगगाड्या यांच्या गोलाईदार आकृतीचे वेड साऱ्या देशाला लागले, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील जडकिन्स कंपनीने आगगाडीच्या इंजिनासारख्या निमुळत्या तोंडाचे 'स्टर्लिंग स्ट्रीमलायनर' घडवले. त्यांपैकी १९४१ चा पॉटकेट येथील 'मॉडर्न डायनर' अद्याप उभा आहे, आणि ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय सूचीत प्रथम स्थान मिळालेला डायनर तोच होय. न्यूयॉर्कच्या टेन्थ ॲव्हेन्यूवरील 'एंपायर डायनर' १९४६ सालचा, फोडेरो कंपनीच्या हातचा. या वास्तूंच्या झळाळत्या पोलादावर चित्रकार लुब्ध झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु ते पोलाद लोकप्रिय होण्याचे एक कारण हेही होते की, धूर व तेलकटपणा त्यावरून एका फडक्याने पुसता येई.

या काउंटरला अमेरिकन लोकशाहीचे प्रतीक म्हणण्याचा परिपाठ आहे. न्यायाधीश आणि हमाल शेजारी शेजारी बसून एकच कॉफी पितात, हे वर्णन अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे सांगितल्यावाचून हा इतिहास प्रामाणिक होत नाही. १९६० च्या १ फेब्रुवारीस नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानातील भोजनाच्या काउंटरवर बसले आणि मागणी नाकारली गेल्यावरही उठले नाहीत. ते स्थळ डायनर नव्हते, पण काउंटर त्याच घडणीचा होता. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला जाणाऱ्या चाळीस क्रमांकाच्या हमरस्त्यावर, मेरीलँड राज्यात, नवस्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांच्या वकिलांना खाद्यगृहांतून परत पाठवले जाऊ लागले. चाडच्या राजदूतास असाच नकार मिळाला, तेव्हा तो प्रश्न केनेडी सरकारच्या परराष्ट्रखात्यापर्यंत पोहोचला. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याने हा भेद बेकायदा ठरवला. रात्री जागणाऱ्या श्रमिकासाठी जन्मलेल्या संस्थेने त्यांतल्याच कित्येकांना दारातून परतवावे, हा कलंक पोलादाच्या झळाळीने झाकला जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

त्या सुमारास धंद्याचे दिवसही पालटले होते. १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले, प्रवासी गावाबाहेरून जाऊ लागला, आणि सर्वत्र एकाच चवीचे खाणे झटपट देणाऱ्या साखळीदुकानांनी त्याला वाटेतच गाठले. वूस्टरचा कारखाना १९६१ मध्ये बंद पडला. न्यूयॉर्क व न्यू जर्सीत मात्र डायनर तगले, ते मुख्यत्वे ग्रीक स्थलांतरितांमुळे. एकाने दुसऱ्यास, काकाने पुतण्यास हाताशी घेऊन त्यांनी हे ठिकाण चालवले, खाद्यपदार्थांची यादी पुस्तकाएवढी वाढवली, आणि प्याला रिकामा होताच कॉफी पुन्हा भरून देण्याचा दस्तूर राखला. ग्रीक नक्षीचा जो निळापांढरा कागदी पेला न्यूयॉर्कची ओळख होऊन बसला, तो १९६० नंतरच्या दशकात लेस्ली बक याने याच मालकांना आवडावा म्हणून आखला होता. बक स्वतः झेकोस्लोव्हाकियातून आलेला, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेला ज्यू. शहराचे हे चिन्ह एका निर्वासिताने दुसऱ्या स्थलांतरितांसाठी घडवावे, यात मला त्या शहराचे औदार्य दिसते.

आता जुने डायनर जतन करण्याच्या खटपटी होतात. कोणी ते उचलून दुसऱ्या गावी नेतात, कोणी संग्रहालयात ठेवतात, आणि त्यांत अनेकांची कळकळ खरी असते. परंतु जागेचे भाडे चढले, चाकरीला माणसे मिळेनाशी झाली, आणि २०२० च्या महामारीनंतर न्यूयॉर्कमधील कित्येक डायनरांनी रात्रीचे तास कायमचे बंद केले. सूचीत नोंद झाल्याने भिंती वाचतात, वेळापत्रक वाचत नाही. रुग्णालयातली परिचारिका, टॅक्सीचालक, कचरा उचलणारे कामगार यांची पाळी अजूनही मध्यरात्रीच सुटते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना आज पेट्रोलपंपावरील दुकानात मिळणाऱ्या बंद पाकिटावर भूक भागवावी लागते.