मतदारसंघाचा लोप : देवनारच्या संदर्भात एक विवेचन

‘मतदारसंघ’ ही संज्ञा व्यवहारात तीन भिन्न अर्थांनी वापरली जाते. (१) नाम : निवडणूक आयोगाच्या सूचीतील अभिधान. (२) सीमा : आदेशाद्वारे निश्चित केलेले भूक्षेत्र. (३) समुदाय : त्या क्षेत्रात राहून मताधिकार बजावणाऱ्या व्यक्तींचा समूह. हे तीन अर्थ परस्परांपासून स्वतंत्रपणे बदलू शकतात. म्हणून ‘अमुक मतदारसंघ लुप्त झाला’ असे विधान करण्यापूर्वी तिघांपैकी कशाचा लोप अभिप्रेत आहे, हे सांगणे आवश्यक ठरते. यास अनुसरून नामलोप, सीमालोप आणि समुदायांतर असे लोपाचे तीन प्रकार मानता येतात.

या भेदाची परीक्षा करण्यास देवनार हे स्थळ उपयुक्त आहे. देवनार हे कुर्ला तालुक्यातील गाव. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून साष्टीचा दक्षिण भाग वेगळा करून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला, तेव्हा ते त्यात आले. १९२७ पासून तेथे शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द उपनगरांत विस्तारली. स्थळ अचल राहिले. त्यास सामावणारा मतदारसंघ मात्र वारंवार बदलला. या बदलांचे चार टप्पे पडतात.

पहिला टप्पा १९५२ ते १९५७. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईचे लोकसभेतील प्रतिनिधित्व तीन मतदारसंघांत विभागलेले होते : शहर उत्तर (द्विसदस्य), शहर दक्षिण आणि मुंबई उपनगर. यांपैकी ‘मुंबई उपनगर’ मधून काँग्रेसच्या जयश्री नैषध रायजी निवडून आल्या. या मतदारसंघाचे नाव जिल्ह्याचे होते. शहराबाहेरील विखुरलेल्या गावांना आणि वाढत्या वसाहतींना एक स्वतंत्र घटक मानण्याची भूमिका त्या नावात अंतर्भूत होती. १९५१ च्या जनगणनेवर आधारित पुनर्रचनेनंतर हे अभिधान सूचीतून गेले. हा शुद्ध नामलोप होय. भूमी आणि माणसे तीच राहिली. उपनगर हा शहराहून भिन्न घटक आहे, ही कल्पना तेवढी मागे पडली.

दुसरा टप्पा १९५७ ते १९६७. ‘शहर उत्तर’ या नावाखाली उपनगरांचा विस्तीर्ण पट्टा आला. १९५७ मध्ये येथून व्ही. के. कृष्ण मेनन यांनी पीटर अल्वारिस यांचा पराभव केला. १९६२ मध्ये मेनन यांच्याविरुद्ध आचार्य जे. बी. कृपलानी उभे राहिले. मेनन एक लाख चाळीस हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. त्या लढतीत चीनविषयक धोरण हा प्रमुख वादविषय होता. येथे एक नियम दिसतो : जो मतदारसंघ आकाराने मोठा आणि रचनेने संमिश्र असतो, त्याची निवडणूक स्थानिक प्रश्नांऐवजी राष्ट्रीय प्रश्नांवर लढवणे सुलभ होते. अशा रचनेत एखाद्या गावाचा भार नगण्य राहतो. ‘भार’ म्हणजे त्या स्थळाची मते वजा केल्यास निकालात पडणारा फरक.

तिसरा टप्पा १९६७ ते २००८. १९६१ च्या जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेत मुंबईच्या जागा चारवरून पाच झाल्या आणि ‘ईशान्य मुंबई’ हे नाव अस्तित्वात आले. काँग्रेसने मेनन यांना उमेदवारी नाकारून स. गो. बर्वे यांना दिली. शिवसेनेची स्थापना जून १९६६ मधील. उमेदवाराचे मराठीपण हा त्या निवडणुकीचा उघड मुद्दा होता. अपक्ष मेनन पराभूत झाले. निकालानंतर अल्पावधीतच बर्वे यांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांचा पुन्हा पराभव केला. पाच वर्षांपूर्वीचे प्रचंड मताधिक्य अशा रीतीने संपले. या बदलाची कारणे दोन प्रकारची आहेत. मेनन यांनी पक्ष सोडला, हे राजकीय कारण. क्षेत्र लहान झाल्याने स्थानिकत्वाचा भार वाढला, हे रचनात्मक कारण. केवळ पहिले कारण सांगणारे विवेचन अपुरे राहते.

याच टप्प्यात तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे समुदायांतराचा, पुरावा मिळतो. १९७० च्या दशकात शहरातून हटवलेल्या वस्त्यांचे पुनर्वसन देवनार-गोवंडीच्या परिसरात होऊ लागले. १९७६ मध्ये अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी उठवून तेथील रहिवासी चीता कॅम्प येथे नेण्यात आले. म्हणजे मतदारांची संख्या आणि घडण हद्दीतील जन्ममृत्यूंनी ठरली नाही. प्रशासनाच्या निर्णयांनी ठरली. नाम तेच असताना समुदाय बदलला.

समुदायाच्या या संमिश्रतेचा परिणाम निकालांत दिसतो. १९७७ आणि १९८० मध्ये जनता पक्षाचे सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. त्यानंतरचा क्रम असा : १९८४ गुरुदास कामत, १९८९ जयवंतीबेन मेहता, १९९१ कामत, १९९६ प्रमोद महाजन, १९९८ कामत, १९९९ किरीट सोमय्या, २००४ कामत. सात निवडणुका आणि सातही वेळा पक्षबदल. मुलुंड-घाटकोपरचा गुजराती व्यापारी वर्ग, भांडुप-विक्रोळीचा मराठी कामगार, चेंबूरचे सिंधी व तमिळ रहिवासी, गोवंडी-ट्रॉम्बेची मुस्लिम व दलित वस्ती, यांपैकी कोणताही एक घटक एकटा बहुमत देऊ शकत नव्हता. आघाडीची जुळणी थोडी हलली की निकाल उलटत असे. अशा मतदारसंघास ‘दोलायमान’ म्हणावे. दोलन हे मतदाराच्या चंचलतेचे लक्षण नसून रचनेचा धर्म आहे, एवढे येथे सिद्ध होते.

चौथा टप्पा २००८ पासून. आणीबाणीतील घटनादुरुस्तीने जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली होती. त्यामुळे मुंबईच्या लोकसभेच्या जागा १९७७ पासून सहाच राहिल्या. २००१ च्या जनगणनेनुसार केवळ सीमा नव्याने आखल्या गेल्या. विधानसभेच्या बाबतीत शहर जिल्ह्याच्या जागा १७ वरून १० झाल्या, उपनगराच्या १७ वरून २६. ट्रॉम्बे हा विधानसभा मतदारसंघ नाम आणि सीमा या दोन्ही अर्थांनी लुप्त झाला. त्या परिसरात मानखुर्द शिवाजीनगर आणि अणुशक्तीनगर ही नवी नावे आली. पहिला ईशान्य मुंबईत राहिला, दुसरा दक्षिण मध्य मुंबईत गेला. एकमेकांना लागून असलेल्या वस्त्या लोकसभेसाठी दोन प्रतिनिधींमध्ये वाटल्या गेल्या. हा पूर्ण सीमालोप होय.

आता भाराची कसोटी लावता येते. २००९ मध्ये ईशान्य मुंबईत संजय दिना पाटील यांनी सोमय्या यांना २,९३३ मतांनी हरवले. इतक्या अल्प अंतरात ज्या ज्या विधानसभा क्षेत्राने विजेत्यास याहून अधिक आघाडी दिली, ते प्रत्येक क्षेत्र निर्णायक म्हणता येते. म्हणूनच कोणासही एकट्यास ते श्रेय देता येत नाही. यास अंकीय निर्णायकता म्हणू. २०१४ मध्ये सोमय्या आणि २०१९ मध्ये मनोज कोटक मोठ्या फरकाने विजयी झाले. तेव्हा हा प्रश्नच उद्भवला नाही. २०२४ मध्ये पाटील २९,८६१ मतांनी विजयी झाले, आणि मानखुर्द शिवाजीनगर या एकाच क्षेत्रातील त्यांची आघाडी या अंतराहून कितीतरी अधिक होती. यावरून ओघाने निष्पन्न होते की उर्वरित पाच विधानसभा क्षेत्रांच्या बेरजेत पराभूत उमेदवार पुढे होता. ही रचनात्मक निर्णायकता होय.

सारांश तीन विधानांत मांडता येतो. (१) मतदारसंघाचा इतिहास म्हणजे विजेत्यांची यादी नव्हे. प्रथम सीमा, नंतर समुदाय आणि शेवटी निकाल, या क्रमाने तो वाचावा. (२) मतदारसंघ लुप्त झाला तरी त्यातील स्थळाचा भार लुप्त होत नाही. तो नव्या रचनेत कमी वा अधिक होऊन प्रकट होतो. १९५२ मध्ये ‘उपनगर’ या एका नावात विरलेला परिसर २०२४ मध्ये निकाल ठरवतो, याचे स्पष्टीकरण पुनर्वसनात आणि पुनर्रचनेत एकत्रितपणे आहे. (३) भार आणि लाभ या भिन्न गोष्टी आहेत. देवनार ज्यात मोडते, त्या महापालिकेच्या एम पूर्व विभागाची लोकसंख्या २०११ मध्ये ८,०७,७२० होती. कचराभूमी त्याच विभागात आहे. निकाल ठरवण्याची शक्ती आणि परिसर बदलण्याची शक्ती यांचे नाते मतमोजणीतून सिद्ध होत नाही. त्यासाठी स्वतंत्र प्रमाण द्यावे लागेल.

जागांच्या संख्येवरील बंधन २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे. त्यानंतर सीमा पुन्हा आखल्या जातील आणि आजच्या नावांपैकी काही लुप्त होतील. त्या वेळीही देवनार कुर्ला तालुक्यातच असेल.