वेणा : एका शब्दाचा आणि एका उपचाराचा इतिहास

संस्कृत ‘वेदना’ प्राकृतात ‘वेअणा’ झाली आणि मराठीत ‘वेण’ या रूपाने स्थिरावली. ध्वनिपरिवर्तन नियमानुसारच आहे. लक्षणीय आहे तो अर्थसंकोच. मूळ शब्द कोणत्याही दुःखास लागू पडे. ‘वेणा’ हे अनेकवचन मात्र प्रसूतीच्या कळांपुरतेच उरले, आणि बाकीच्या दुखण्यांसाठी ‘वेदना’ हा तत्सम शब्द पुन्हा उसना घ्यावा लागला. त्यांतून सुटण्याचे जे शब्द आहेत – ‘सुटका होणे’, ‘मोकळी होणे’ – ते प्रसूतीच्या समाप्तीचे आहेत, वेदनाशमनाचे नव्हेत. शब्दावरून समाजमनाचे निदान करू नये, हे आपण विद्यार्थ्यांस नेहमीच बजावतो. तथापि वर्धा जिल्ह्यातील प्रसूतिसेवेचा इतिहास पाहता हा भेद केवळ कोशात राहिला, असे म्हणवत नाही.

या इतिहासात कस्तुरबांचे नाव मध्यवर्ती आहे. 1900 साली दरबान येथे त्यांना अकस्मात वेणा सुरू झाल्या. डॉक्टर वा सुईण वेळेवर मिळेना, म्हणून गांधीजींनी एका गुजराती पुस्तकातून मिळविलेल्या माहितीच्या बळावर स्वतःच बाळंतपण पार पाडले. पुढे दक्षिण आफ्रिकेतच, वारंवार होणाऱ्या रक्तस्रावामुळे, त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. प्रकृती अतिशय क्षीण असल्याने ती क्लोरोफॉर्मशिवाय करावी लागली. दोन्ही प्रसंग आत्मकथेत आहेत. दुसऱ्यात कस्तुरबांच्या धैर्याची मुक्तकंठाने प्रशंसा आहे, आणि ती यथार्थच होय. परंतु धैर्याची प्रशंसा आणि शमनाचा विचार या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आपल्याकडे कधीच दुर्मिळ नव्हती.

याच कस्तुरबांच्या नावे, त्यांच्या निधनानंतर (1944), डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामात स्त्रिया व मुले यांच्यासाठी पंधरा खाटांचे रुग्णालय उभे राहिले. 1969 साली त्याला वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. ग्रामीण प्रसूतिसेवेपुढील तातडीचे प्रश्न माता जगविण्याचे होते – रक्तस्राव, जंतुदोष, अडलेली प्रसूती. त्या क्रमात वेदना मागे पडणे स्वाभाविक होते. ती मागेच राहणे मात्र स्वाभाविक नव्हते.

कारण उपाय नवा नव्हता. सिम्प्सनने एडिंबरोत 1847 साली प्रसूतीत प्रथम ईथर व नंतर क्लोरोफॉर्म वापरला. 1853 साली राणी व्हिक्टोरियाने जॉन स्नोच्या हातून क्लोरोफॉर्म घेतला. (धर्मगुरूंनी तेव्हा मोठे वादळ उठविले, ही कथा बरीचशी अतिरंजित आहे; आक्षेप मुख्यतः डॉक्टरांचेच होते.) 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने, वेदनाशमनाची मागणी करणाऱ्या निरोगी प्रसववतीस पाठीच्या कण्यालगत दिली जाणारी बधिरता, म्हणजे एपिड्युरल, उपलब्ध असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रात 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 94.7 टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. म्हणजे स्त्री दवाखान्यापर्यंत पोहोचली आहे. परंतु एपिड्युरलला भूलतज्ज्ञ लागतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मंजूर पदांत तो नसतो.

तथापि सर्व उपाय भूलतज्ज्ञावर अवलंबून नाहीत. नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू समप्रमाणात एकाच नळकांड्यात भरण्याची पद्धत टनस्टॉलने 1961 साली प्रसिद्ध केली. प्रशिक्षित परिचारिकेच्या देखरेखीखाली हा वायू देता येतो. मुखवटा स्त्रीने स्वतःच्या हाती धरावयाचा, कळ येऊ लागली की श्वास घ्यावयाचा आणि ओसरली की हात खाली घ्यावयाचा.