दृश्यक्षेत्र विश्लेषण

दृश्यक्षेत्र विश्लेषण ही भौगोलिक माहिती प्रणालीतील एक गणनपद्धती आहे. एखाद्या निरीक्षणबिंदूवरून भोवतालच्या भूप्रदेशाचा कोणता भाग दिसतो आणि कोणता उंचवट्यांआड झाकला जातो, हे तिच्या साहाय्याने नकाशावर ठरवता येते. दूरसंचार मनोरे, वणव्यांवर लक्ष ठेवणारी ठाणी, पवनचक्क्या यांच्या जागा निवडताना तसेच गड व रणभूमींच्या अभ्यासात तिचा उपयोग होतो. संगणकावर असे नकाशे काढण्याचे आरंभीचे प्रयत्न १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी वन सेवेत झाले.

== कार्यपद्धती ==
या गणनेसाठी अंकीय उंची प्रतिमान लागते. त्यात भूभागाचे समान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवलेली असते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारद्वारे मोजलेले एसआरटीएम प्रतिमान (सुमारे ३० मीटरचा चौकोन) आणि २००५ साली प्रक्षेपित झालेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या चित्रांवरून तयार केलेले कार्टोडेम ही दोन्ही विनामूल्य मिळतात. आज्ञावली निरीक्षकाच्या डोळ्यापासून प्रत्येक चौकोनापर्यंत एक कल्पित रेषा ओढते. वाटेतील एखाद्या चौकोनाची उंची त्या रेषेच्या वर गेली, तर पलीकडचा चौकोन अदृश्य ठरतो. क्यूजीआयएस, ग्रास या मुक्त आज्ञावलींत ही सोय आहे.

निरीक्षकाची व लक्ष्याची जमिनीपासूनची उंची वापरकर्त्याने स्वतः द्यावयाची असते. पृथ्वीच्या वक्रतेमुळे १० किमी अंतरावरील वस्तू सुमारे ८ मीटर, तर २० किमीवरील सुमारे ३१ मीटर खाली गेल्यासारखी होते. हवेतील प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे यातील साधारण सातवा हिस्सा भरून निघतो. लहान अंतरावर ही दुरुस्ती गाळली तरी चालते; मात्र दौंड शहरापासून साठ किमीहून अधिक दूर असलेला पुरंदर दिसेल का, असा प्रश्न असेल तर ती वगळून चालत नाही, कारण तेथे हा फरक तीनशे मीटरच्या घरात जातो.

== शिरूर व दौंड तालुके ==
पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील हे दोन तालुके पर्जन्यछायेच्या पठारी प्रदेशात येतात. शिरूर घोड नदीच्या काठी, तर दौंड भीमेच्या काठी वसले आहे आणि भीमा काही अंतर या दोन तालुक्यांची सीमा होऊन वाहते. दौंडच्या दक्षिण अंगाला भुलेश्वरची डोंगररांग आहे. यवतजवळच्या भुलेश्वर मंदिराभोवती आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने सतराव्या शतकात दौलतमंगळ किल्ला बांधला. या डोंगरावरून उत्तरेला भीमेच्या खोऱ्याचा विस्तीर्ण पट्टा नजरेत येतो. गडाची जागा त्या काळी कशी हेरली गेली, याचा अंदाज दृश्यक्षेत्राच्या नकाशावरून बांधता येतो.

खाली मैदानात मात्र चित्र वेगळे होते. सपाट जमिनीवर उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची १.६ मीटर धरली, तर वक्रीभवन सोडून क्षितिज जेमतेम साडेचार किमीवर येते. १५ मीटर उंच मनोऱ्यावरून ते सुमारे १४ किमीवर जाते. अशा प्रदेशात प्रतिमानातील दोन-तीन मीटरची चूकही सबंध गाव दृश्यातून वगळू शकते किंवा उगाच दाखवू शकते. एसआरटीएमची उद्दिष्ट अचूकताच उंचीत १६ मीटरच्या आत राहण्याची होती, हे ध्यानात घेता सपाटीवरील निकालाला होय-नाही अशा स्वरूपात मांडणे धाडसाचे आहे. म्हणूनच १९९० च्या दशकात पीटर फिशर यांनी दृश्यतेची शक्यता दर्शवणाऱ्या नकाशांचा पुरस्कार केला.

== उसाचा अडथळा ==
या भागातील सर्वांत मोठा अडथळा डोंगर नसून ऊस आहे. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात मोडतो आणि येथील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असल्याने माणसांवर हल्ले होऊन बळीही गेले आहेत. टेहळणीचे मचाण किंवा कॅमेरा कोठे बसवावा, हा येथे जिवाशी निगडित प्रश्न ठरतो. उंची प्रतिमानात मात्र चालू हंगामाचे पीक नसते. डोळा ६ मीटर उंचीवर असताना ५० मीटरवर ३ मीटर उंच उसाची पट्टी आली, तर नजर पुन्हा जमिनीला टेकते ती १०० मीटरवर. पट्टीमागचा सारा भाग झाकलेला राहतो आणि उसात काय आहे ते तर मुळीच दिसत नाही. यावर उपाय म्हणजे उपग्रहचित्रांवरून उसाची शेते वेगळी करून त्यांची उंची प्रतिमानात मिळवणे व लक्ष्याची उंची अर्ध्या-पाऊण मीटरवर ठेवणे. ऊसतोडीनंतर तोच नकाशा पुन्हा काढावा लागतो.

== ऐतिहासिक अभ्यास ==
१ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगाव भीमाच्या लढाईपूर्वी कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून रात्रभर कूच करत निघाला होता. तळेगाव ढमढेरेनजीकच्या उंच भागावरून त्याच्या तुकडीला भीमेपलीकडे दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे सैन्य दिसले, असे इंग्रजी वृत्तान्तांत येते. तो उंचवटा नेमका कोणता, हे पाहण्यास ही पद्धती उपयोगी पडू शकते. दृष्टिरेषा दुतर्फा असते, त्यामुळे दोन्ही टोकांची उंची सारखी धरल्यास नदीकाठावरून केलेल्या उलट गणनेनेही तेच संभाव्य बिंदू हाती लागतात. शिक्रापूर-सणसवाडी परिसरातील आजचे कारखाने व वस्ती आधुनिक प्रतिमानातून आधी वजा करावी लागते. त्या काळची झाडी मात्र कोणत्याही प्रतिमानात सापडत नाही.