शनिवारचा शिपाई

केदारखेडा-भोकरदनच्या मुलखात लढाई म्हटली की आठवते ती असईची. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या आणि कंपनीच्या फौजा तेथे भिडल्या. अशा लढायांचा हिशेब तोफा आणि निशाणे यांवरून होतो. शिपायाच्या मनात कुळधर्म आणि पलटणीचा हुकूम यांची जी झुंज चालते, ती मात्र बखरीत सहसा येत नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाला ही झुंज चांगली परिचित होती.

कुलाबा जिल्ह्यात हे यहुदी लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घाणा आपला होता तोवर तो थांबविणेही आपल्याच हाती होते. अठराव्या शतकात त्यांतील पुष्कळ जण कंपनीच्या मुंबई पलटणींत शिरले आणि प्रश्न अवघड झाला. जेवणाची अडचण फारशी नव्हती, कारण देशी शिपाई आपली चूल आपणच मांडीत; खवल्यांची मासळी आणि भात शिजविणाऱ्याला अडवितो कोण? पण पहारा आणि कूच ही एकट्याची कामे नव्हेत. शनिवारी हुकूम सुटला, तर घाण्याप्रमाणे पलटण थांबत नाही!

हा पेच फार जुना. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास यहुदियात शब्बाथ मोडू नये म्हणून शस्त्र न उचललेली माणसे बायकामुलांसह मारली गेली. तेव्हा मत्तथ्या आणि त्याच्या साथीदारांनी ठरविले, की हल्ला झाल्यास त्या दिवशीही लढायचे. जीव वाचविण्यासाठी शब्बाथ मोडण्याची मोकळीक पुढे धर्मशास्त्रानेही दिली. त्याच लढ्याच्या स्मरणार्थ यहुदी घरांत हनुक्काचे दिवे लागतात. नवल असे, की कोकणात एकाकी राहिलेल्या बेने इस्राएलांना हा दिव्यांचा सण पूर्वी ठाऊकच नव्हता. त्यामागचा पेच मात्र त्यांच्या वाट्याला आला.

मुंबई पलटणीतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले. सुटका झाल्यास देवाचे घर बांधीन, असा नवस त्यांनी केल्याचे परंपरा सांगते. १७९६ साली त्यांनी मुंबईत ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे समाजाचे तेथील पहिले सिनेगॉग उभारले. पुढे तोराच्या गुंडाळ्या आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि १७९७ साली तेथेच वारले. पलटणीने घेतलेला शनिवार त्यांनी आपल्या माणसांना असा परत मिळवून दिला.