हिस्पॅनिक समाजातील दीर्घकालीन आजार आणि लोकाधारित प्रतिबंध : टेक्सास सीमाभागाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साथीच्या रोगांची जागा मधुमेह, हृदयविकार, उच्च रक्तदाब अशा दीर्घकालीन आजारांनी घेतली, हे आता सर्वमान्य आहे. मात्र हे आजार रोखण्यासाठी औषधापेक्षा जीवनपद्धतीत बदल घडवावा लागतो आणि तो घडविणारी व्यक्ती कोण असावी, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात तुलनेने उशिरा विचारला गेला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषा व संस्कृतीशी नाते असणाऱ्या, समाजात या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष प्रयोगांतून शोधले गेले. प्रस्तुत लेखात मेक्सिकोला लागून असलेल्या टेक्सासच्या सीमाभागातील प्रयोगांच्या आधारे त्या उत्तराचा मागोवा घेतला आहे.

गणनेत नसलेला समाज :

कोणत्याही समाजाच्या आरोग्याचा विचार होण्यापूर्वी तो समाज गणनेत यावा लागतो. १९७० च्या जनगणनेत स्पॅनिश वंशाविषयीचा प्रश्न केवळ नमुन्यादाखल निवडलेल्या कुटुंबांना विचारला गेला. सर्वांना तो विचारला गेला १९८० मध्ये. त्या वेळी ही लोकसंख्या १ कोटी ४६ लाख भरली. २०२० मध्ये ती ६ कोटी २१ लाख होती. तत्पूर्वीच्या आरोग्यविषयक आकडेवारीत हे लोक बहुधा गोऱ्यांच्या रकान्यात मिसळून जात. १९८२ ते १९८४ या काळात संघराज्य शासनाने खास हिस्पॅनिक समाजाचे आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात नैर्ऋत्येकडील मेक्सिकन-अमेरिकन, फ्लोरिडातील डेड काउंटीतील क्यूबन आणि न्यूयॉर्क परिसरातील प्वेर्तो रिकन अशा तीन गटांची स्वतंत्र पाहणी झाली. ही विभागणी योग्यच होती. 'हिस्पॅनिक' ही संज्ञा प्रशासनाच्या सोयीची आहे; मायामीतील क्यूबन व्यापारी आणि टेक्सासमधील शेतमजूर यांना जोडणारा दुवा भाषेपलीकडे फारसा नाही.

याच सुमारास टेक्सासमध्ये दोन दीर्घ अभ्यास सुरू झाले होते. १९७९ चा सॅन अँटोनिओ येथील हृदयविकार अभ्यास शहरातील गरीब वस्ती, मिश्र वस्ती व सधन उपनगर यांची तुलना करणारा होता. १९८१ मध्ये क्रेग हॅनिस यांनी रिओ ग्रांद नदीकाठच्या स्टार काउंटीत मधुमेहाचा अभ्यास हाती घेतला. ही काउंटी जवळजवळ संपूर्ण मेक्सिकन-अमेरिकन वस्तीची आणि देशातील अत्यंत गरीब काउंट्यांपैकी एक होय. मधुमेहाचे मूळ वंशात की दारिद्र्यात, हा वाद या दोन्ही अभ्यासांच्या मुळाशी होता आणि तो आजही पूर्णतः मिटलेला नाही. परंतु वंश बदलता येत नाही. म्हणून प्रतिबंधाचा विचार करणाऱ्यांना दुसऱ्या बाजूकडे वळणे भागच होते.

ईगल पास व स्टार काउंटी येथील प्रयोग :

१९८५ मध्ये ईगल पास या सीमेवरील गावी 'आ सु सालुद' हा कार्यक्रम सुरू झाला. धूम्रपान सोडलेल्या स्थानिक माणसांच्या खऱ्या कहाण्या दूरचित्रवाणी, आकाशवाणी व वृत्तपत्रांतून सांगायच्या आणि त्याच वेळी स्वयंसेवकांनी परिचितांना भेटून त्या कहाण्यांचा विषय काढायचा, अशी ही दुहेरी योजना होती. तुलनेसाठी डेल रिओ हे शेजारचे गाव निवडले होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मध्यम ते अतिधूम्रपान करणाऱ्यांपैकी ईगल पासमध्ये १७ टक्के, तर डेल रिओत ७ टक्के लोकांनी सवय सोडली होती. प्रसिद्ध व्यक्तींऐवजी शेजाऱ्याचा चेहरा वापरणे, हे या कार्यक्रमाचे वेगळेपण.

स्टार काउंटीतील प्रयोग अधिक खोलवर गेला. शेरॉन ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मधुमेही व्यक्तींसाठी जो शिक्षणक्रम राबविला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ३५ ते ७० वयोगटातील २५६ व्यक्ती त्यात सहभागी होत्या. आजार जडल्यानंतरचे हे शिक्षण असल्याने त्याला काटेकोर अर्थाने प्रतिबंध म्हणता येणार नाही. गुंतागुंत टाळणे एवढाच त्याचा हेतू होता. एक वर्षात ५२ तासांचा सहवास, त्यातील २४ तास शिक्षणाचे व २८ तास परस्परांना आधार देण्याचे, भाषा स्पॅनिश, शिकविणारे मेक्सिकन-अमेरिकन परिचारिका, आहारतज्ज्ञ व स्थानिक कार्यकर्ते. प्रत्येक रुग्णासोबत घरातील किंवा जवळची एक व्यक्ती येत असे. ज्या घरात स्वयंपाक एका हातचा आणि पथ्य दुसऱ्याचे, तेथे एकट्या रुग्णाला उपदेश करून काय साधणार, हा विचार त्यामागे होता. या समाजात मधुमेहाचे कारण 'सुस्तो', म्हणजे मनाला बसलेला जबर धक्का, असे अनेकजण मानतात. मराठीत 'हाय खाल्ली' म्हणतात, त्याच जातीची ही कल्पना. अशा समजुतीची टर उडवून शिक्षण सुरू करता येत नाही.

सहा महिन्यांनंतर, गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची पातळी दर्शविणाऱ्या रक्तचाचणीचे सरासरी प्रमाण शिक्षण घेतलेल्या गटात दुसऱ्या गटापेक्षा १.४ ने कमी आढळले. मात्र ते १० टक्क्यांहून अधिकच राहिले, म्हणजे धोक्याच्या पातळीवरच. हा प्रयोग यशस्वी ठरला असे सांगताना या दुसऱ्या आकड्याचा उल्लेख बहुधा टाळला जातो. ५२ तासांनी जे साधले ते खरे. परंतु दारिद्र्य, विम्याचा अभाव आणि स्वस्त, स्निग्ध अन्न यांवर त्या तासांचा इलाज नव्हता.

आरोग्यसेविकेचे स्थान :

अशा कार्यक्रमांचा कणा म्हणजे 'प्रोमोतोरा' ही त्याच वस्तीतील आरोग्यसेविका. ही कल्पना लॅटिन अमेरिकेतून उत्तरेकडे आली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूवेल यांच्या संपादनाखाली लोकांनी चालविलेल्या आरोग्यकार्याविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ग्वातेमालातील चिमाल्तेनांगो प्रकल्पाबरोबरच, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या जामखेड प्रकल्पावरही प्रकरण आहे. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्री आरोग्याची जबाबदारी पेलू शकते, हे अहमदनगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) गावांनी आणि ग्वातेमालाच्या डोंगराळ प्रदेशाने एकाच दशकात दाखवून दिले होते. १९७८ च्या अल्मा-आता जाहीरनाम्यात हाच विचार आंतरराष्ट्रीय धोरण म्हणून आला.

अमेरिकेत मात्र हा विचार वेगळ्या वाटेने रुजला. १९९४ मध्ये राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने हिस्पॅनिकांसाठी 'सालुद पारा सु कोरासोन' हा कार्यक्रम आरंभिला आणि पुढे तो प्रोमोतोरांच्या हाती सोपविला. याच काळात मधुमेह होण्यापूर्वीच तो रोखण्याचा राष्ट्रीय अभ्यास झाला. ३,२३४ व्यक्तींच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले : आहार, व्यायाम व वजन घटविणे यांमुळे मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी घटले. औषधापेक्षा मार्गदर्शन सरस ठरले, तरी औषधाची किंमत चुकविण्याची व्यवस्था सर्वत्र होती आणि मार्गदर्शनाची जवळजवळ कोठेच नव्हती. शासकीय मेडिकेअर विम्यात असा कार्यक्रम समाविष्ट झाला तो एप्रिल २०१८ मध्ये.

टेक्सासने १९९९ मध्ये कायदा करून प्रोमोतोरांच्या प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि नंतर त्यांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली. त्यासाठी १६० तासांचे प्रशिक्षण किंवा १,००० तासांचा अनुभव आवश्यक ठरविण्यात आला. २०१० च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात सामुदायिक आरोग्यसेवकाला स्वतंत्र क्रमांक मिळाला. ज्या समाजाला १९७० पर्यंत जनगणनेत पूर्ण रकाना नव्हता, त्याच्या सेविकांची नोंद व्हायला आणखी चार दशके लागली. प्रमाणपत्र हाती असले तरी पगार बहुतेक ठिकाणी तीन किंवा पाच वर्षांच्या अनुदानातून निघतो; अनुदान संपले की प्रकल्पाचे कार्यालय बंद होते आणि सेविका त्याच वस्तीत राहते. शेजारच्या घरातील मधुमेही व्यक्ती त्यानंतरही तिचेच दार ठोठावते.